मेडे कधी द्यायचा, आणि माइक हातात घेतल्यावर काय बोलायचं

एकाने विचारलं आहे: "मित्राच्या शिडाच्या बोटीवर पहिल्यांदाच लांबच्या सफरीला निघतोय. आम्ही दोघंच. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ आहे, त्यावर झाकणाखाली लाल बटण आहे, शिवाय उपग्रहाला संदेश पाठवणारा बीकन आहे. एवढं सगळं असताना तोंडाने 'मेडे, मेडे' म्हणायची गरज उरते का? परिस्थिती मेडे म्हणण्याइतकी वाईट आहे हे ठरवायचं कसं? विमानातही असंच असतं का? आणि उगाच म्हटलं गेलं तर दंड बसतो का?"

मेडे म्हणजे रेडिओवरून दिलेली संकटाची हाक. प्रश्न चार आहेत, पण मला विचाराल तर खरी अडचण दुसऱ्या प्रश्नात आहे. कोणतं बटण, कोणता चॅनेल हे कुणीही अर्ध्या तासात शिकतो. माइक हातात घेऊन "आम्ही संकटात आहोत" असं चारचौघांत कबूल करणं मात्र भल्याभल्यांना जड जातं. मी व्यापारी जहाजांवर डेक ऑफिसर आहे. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या कक्षात, वॉच करताना असे कॉल ऐकणं, वेळेसकट लिहून घेणं आणि गरज पडली तर कॅप्टनला उठवून जहाज वळवणं हा कामाचाच भाग. माझं निरीक्षण असं की घाईने मेडे देणारे थोडे, उशीर करणारे पुष्कळ. आधी पंप लावून बघतात, मग इंजिनाशी झटतात, मग ओळखीच्या कुणाला तरी मोबाइल लावतात. रेडिओची आठवण होते तेव्हा पाणी बॅटऱ्यांपर्यंत आलेलं असतं, आणि बॅटऱ्या गेल्या की रेडिओही गेला.

नियम काय म्हणतो ते आधी सांगतो. जहाज, विमान किंवा एखादा माणूस गंभीर आणि अगदी समोर येऊन ठेपलेल्या धोक्यात असेल आणि ताबडतोब मदत हवी असेल, तर मेडे. काम तातडीचं आहे, पण जीव या क्षणी जात नाहीये, तर पॅन-पॅन. आणि धोका दुसऱ्यांच्या वाटेत आहे, म्हणजे तरंगता कंटेनर, विझलेला दीपस्तंभ, येऊ घातलेलं वादळ, तर सेक्युरिटे. तिन्ही शब्द तीनदा म्हणायचे असतात, कारण गजबजलेल्या चॅनेलवर पहिला उच्चार बहुधा कुणाच्या तरी बोलण्याखाली दबतो.

व्याख्या सोपी वाटते, पण एकच बिघाड दोन ठिकाणी दोन वेगळ्या वर्गांत मोडतो. इंजिन बंद पडलं, समुद्र शांत आहे, नांगर धरला आहे, तर तो पॅन-पॅन, किंवा कधीकधी तेवढाही नाही. तेच इंजिन बंद पडलं, वारा किनाऱ्याकडे वाहतोय, नांगर घसरतोय आणि मैलभरावर खडक आहेत, तर तो मेडे. पाणी येतंय पण पंप त्याला पुरून उरतोय, तर पॅन-पॅन. पंप मागे पडू लागला की मेडे. माणूस पाण्यात पडला आणि हाताशी दोर टाकून लगेच वर घेतला तर विषय संपला. पण तो नजरेआड झाला, किंवा रात्र आहे, किंवा पाणी थंड आहे, तर मी एक क्षणही थांबणार नाही, तो मेडेच. आगीबद्दलही मी असाच कडक आहे. बोटीवर पळायला जागा नसते.

ठरवताना मी एक प्रश्न स्वतःला विचारतो: मदत या क्षणी निघाली, तर ती इथे पोचेल तेव्हा आमची काय अवस्था असेल? संकट आत्ता किती मोठं आहे हे बघून लोक फसतात. लाइफबोट किंवा हेलिकॉप्टरला निघायला वेळ लागतो, यायला वेळ लागतो, शोधायला त्याहून जास्त लागतो. बंदराच्या तोंडाशी असाल तर थोडं थांबून बघणं परवडतं. किनाऱ्यापासून साठ सागरी मैलांवर असाल, जवळपास जहाज नसेल आणि तासाभरात अंधार पडणार असेल, तर तोच बिघाड तिथे कितीतरी गंभीर आहे. उत्तर "तोवर आपण ठीक असू" असं येत नसेल, तर बोलायची वेळ झाली आहे.

दुसरी गोष्ट अशी की मेडे मागे घेता येतो. पंपाने पाणी आटोक्यात आलं, आग विझली, तर सांगायचं की आता धोका टळला, पॅन-पॅनवर आणतोय किंवा रद्द करतोय. बचाव केंद्राला त्यात काहीही विचित्र वाटत नाही. अर्ध्या वाटेतून परत फिरणं त्यांना नेहमीचं आहे. उलट्या दिशेने मात्र हा प्रवास अवघड असतो. १९९८ च्या सप्टेंबरमध्ये स्विसएअर १११ च्या वैमानिकांना धुराचा वास आला तेव्हा त्यांनी पॅन-पॅन दिला. पूर्ण आणीबाणी जाहीर केली ती साधारण दहा मिनिटांनी, आणि त्यानंतर सात-एक मिनिटांत विमान समुद्रात कोसळलं. २२९ जण गेले. इथे प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की आग ज्या वेगाने पसरली त्यात कॅनडातल्या हॅलिफॅक्स विमानतळावर सुखरूप उतरणं शक्यच नव्हतं, असा चौकशीचा निष्कर्ष होता. म्हणजे शब्द बदलून ते वाचले असते असं माझं म्हणणं नाही. पॅन-पॅन ते मेडे हे अंतर किती मिनिटांचं असू शकतं, एवढंच त्यातून दिसतं.

शब्द न उच्चारल्याने काय होतं याचं उदाहरण दुसरं आहे, आणि ते जहाजावरच्या माणसांनीही वाचावं असं मला वाटतं. २५ जानेवारी १९९० ला अविआंका कंपनीचं बोइंग ७०७ बोगोटाहून मेडेलिनमार्गे न्यूयॉर्कला येत होतं. हवामान खराब, विमानतळावर गर्दी, म्हणून कंट्रोलरनी त्याला तीन वेगवेगळ्या ठिकाणी मिळून सव्वा तासाहून जास्त वेळ घिरट्या घालायला लावल्या. इंधन संपत आलं होतं. सहवैमानिकाने तसं सांगितलंही: प्राधान्य हवं आहे, इंधन कमी होत चाललंय. पण मेडे किंवा आणीबाणी हा शब्द एकदाही आला नाही. कंट्रोलरच्या कानावर त्या संध्याकाळी सगळीच विमानं घाईत असल्याचं पडत होतं. त्यांच्या लेखी हे त्यातलंच एक. पहिला प्रयत्न हुकला, परत फिरताना इंजिनं एकेक करून बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोव्ह नेक इथे कोसळलं. १५८ पैकी ७३ जण मेले. टाक्या कोरड्या असल्याने आग लागली नाही, एवढंच.

कॉकपिटमधल्या माणसांना वाटत होतं की आपण सांगितलंय. जमिनीवरच्यांना वाटत होतं की काही विशेष सांगितलेलं नाही. हेच मी समुद्रावरही ऐकतो: "थोडं पाणी येतंय, कुणी जवळपास आहे का?" रेडिओवरचं असं बोलणं ऐकणारा स्वतःच्या सोयीने समजून घेतो. मेडे म्हटलं की समजून घेण्याचा प्रश्नच राहत नाही. ऐकणाऱ्यावर कर्तव्य येऊन पडतं. समुद्रातल्या जहाजाच्या कॅप्टनला सोलास या समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार संकटातल्या माणसांच्या मदतीला शक्य तितक्या वेगाने जावं लागतं, आणि जाणं शक्य नसेल तर त्याचं कारण लॉगबुकात लिहून ठेवावं लागतं. विमान वाहतुकीत आता इंधनासाठी दोन ठरलेली वाक्यं आहेत. "मिनिमम फ्युएल" म्हणजे यापुढे आणखी उशीर चालणार नाही. ती आणीबाणी नव्हे. आणि उतरताना ठरलेल्या अखेरच्या राखीव साठ्याला, म्हणजे जेटसाठी तीस मिनिटांच्या इंधनाला, हात लागणार असा हिशोब निघाला की "मेडे, मेडे, मेडे, फ्युएल". मधलं काही नाही.

आता बोलायचं काय. व्हीएचएफचा चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. पॉवर पूर्ण, २५ वॅटवर. छोट्या बोटींवर रेडिओ कित्येकदा १ वॅटवर पडून असतो. मग क्रमाने, सावकाश, समोरचा हाताने लिहून घेतोय हे लक्षात ठेवून (कॉल साइन म्हणजे बोटीची रेडिओवरची ओळख, एमएमएसआय म्हणजे रेडिओत भरलेला बोटीचा ओळख-क्रमांक):

"मेडे, मेडे, मेडे. ही बोट सीगल, सीगल, सीगल. कॉल साइन अमुक, एमएमएसआय क्रमांक अमुक. मेडे, सीगल. माझं स्थान..." आणि इथे अक्षांश-रेखांश एकेक आकडा सुटा म्हणून. त्यानंतर काय झालंय, कोणती मदत हवी, बोटीवर किती माणसं, आणि उपयोगी पडेल असं आणखी काही: बोटीचा रंग, लाइफराफ्टमध्ये उतरतोय का, कुणी जखमी आहे का. शेवटी "ओव्हर", आणि बटण सोडायचं. बटण सोडायला विसरणारे खूप आहेत. मग त्यांना उत्तर ऐकू येत नाही आणि इतरांचाही चॅनेल अडतो. बोलताना साधं इंग्रजी वापरायचं, कारण ऐकणारा कुठल्याही देशाचा असू शकतो.

या क्रमात स्थान आधी आणि काय झालं ते नंतर, हे मुद्दाम आहे. घाबरलेला माणूस आधी गोष्ट सांगतो, कशी लाट आली, काय तुटलं. आणि मध्येच आवाज बंद होतो. बोट कुठे आहे हे कळलं आणि बाकी काहीच कळलं नाही, तरी मदत निघू शकते. बाकी सगळं कळलं आणि ठिकाण कळलं नाही, तर कुठे निघणार? टायटॅनिकने १५ एप्रिल १९१२ च्या रात्री जे स्थान कळवलं ते प्रत्यक्षाहून सुमारे १३ सागरी मैल चुकलेलं होतं. १९८५ मध्ये तळाशी अवशेष सापडले तेव्हा ते पक्कं झालं. मदतीला धावलेलं कार्पेथिया जहाज त्या चुकीच्या जागेकडे निघालं होतं, आणि वाटेतच त्याला लाइफबोटी दिसल्या. हा नशिबाचा भाग. आज जीपीएस आहे, म्हणून आकडे पडद्यावरून वाचायचे, आठवून सांगायचे नाहीत.

त्याच रात्रीत तुमच्या पहिल्या प्रश्नाचंही उत्तर आहे. कार्पेथियापेक्षा कितीतरी जवळ कॅलिफोर्नियन नावाचं जहाज उभं होतं. त्याचा एकुलता एक रेडिओ ऑपरेटर दिवसभराचं काम संपवून झोपला होता. टायटॅनिक आधी सीक्यूडी हा त्या काळचा संकटसंकेत आणि मग एसओएस पाठवत राहिलं, पण ऐकायला कानच नव्हता. पुढे जहाजांवर चोवीस तास रेडिओ वॉचचे नियम आले, आणि १९९२ ते १९९९ या काळात टप्प्याटप्प्याने जीएमडीएसएस नावाची जागतिक सागरी संकटसंदेश व्यवस्था लागू झाली, तिने ते ऐकण्याचं काम यंत्राकडे दिलं. तुमचं लाल बटण त्या व्यवस्थेचा भाग आहे. झाकण उघडून ते काही सेकंद दाबून धरलं की रेडिओ चॅनेल ७० वर एक डिजिटल संदेश फेकतो: तुमचा नऊ आकडी एमएमएसआय, स्थान, वेळ, आणि निवडलं असेल तर संकटाचा प्रकार. टप्प्यातल्या प्रत्येक जहाजाच्या ब्रिजवर कर्कश गजर होतो. कुणी पोच दिली नाही तर दर चारेक मिनिटांनी संदेश आपोआप पुन्हा जातो.

मग बोलायचं कशाला? कारण गजर मला एवढंच सांगतो की अमुक क्रमांकाची बोट अमुक ठिकाणी अडचणीत आहे. आग आहे की गळती, माणसं दोन की वीस, मी शिडी सोडू की दोर टाकू, बोटीजवळ जाताना वाऱ्याची बाजू धरू की नको, हे बोलल्याशिवाय कळत नाही. म्हणून क्रम असा: बटण दाबा, थोडं थांबा, आणि पोच आली नाही तरी चॅनेल १६ वर मेडे बोला. वेळ एकाच गोष्टीपुरता असेल तर बटण दाबा.

बटणाबद्दल एक व्यावहारिक इशारा. कित्येक बोटींवर रेडिओ जीपीएसला जोडलेलाच नसतो, किंवा एमएमएसआय भरलेला नसतो. अशा वेळी संदेश स्थानाशिवाय जातो किंवा जातच नाही. निघण्याआधी मित्राला हे दाखवायला सांगा. पडद्यावर अक्षांश-रेखांश दिसत असले तर ठीक.

मोबाइलबद्दल लोक हमखास वाद घालतात. फोन एका माणसाला लागतो. दोन मैलांवरून जाणाऱ्या माझ्या जहाजाला तो ऐकू येत नाही. व्हीएचएफ सगळ्यांना एकदम ऐकू जातो आणि आवाजाच्या दिशेवरून तुम्हाला शोधताही येतं. त्याची मर्यादा पल्ल्याची: तो साधारण नजरेच्या टप्प्याएवढा जातो, म्हणजे अँटेना किती उंच यावर सगळं अवलंबून. हातातल्या संचावरून दुसऱ्या छोट्या बोटीपर्यंत पाच-एक मैल धरा, डोलकाठीवरच्या अँटेनावरून किनाऱ्यावरच्या उंच मनोऱ्यापर्यंत वीस-तीस. त्यापलीकडे मध्यम किंवा लघुलहरींचा संच किंवा उपग्रह लागतो.

आणि तुमच्या बीकनचं काम तिथूनच सुरू होतं. तो ४०६ मेगाहर्ट्झवर कोस्पास-सार्सॅटच्या उपग्रहांना संदेश पाठवतो. ही व्यवस्था अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी शीतयुद्ध चालू असताना मिळून उभी केली आणि १९८२ पासून ती माणसं वाचवते आहे. जीपीएस असलेला बीकन शंभरेक मीटरच्या आत ठिकाण सांगतो, नसलेल्याचं ठिकाण उपग्रह गणिताने काढतात आणि त्यात काही किलोमीटरची तफावत राहते. जवळ आलेल्या बचावपथकासाठी तो १२१.५ मेगाहर्ट्झवरही क्षीण खुणेचा आवाज सोडतो. एकदा चालू केला की बंद करू नका. बॅटरी निदान ४८ तास चालावी अशीच रचना असते. मात्र बीकन ऐकत नाही आणि उत्तरही देत नाही. त्याचा संदेश आधी किनाऱ्यावरच्या केंद्रात जातो, ते आम्हाला कळवतात. जहाज समोर दिसत असताना फक्त बीकन चालू करून बसणं म्हणजे शेजारी दारात उभा असताना त्याला पत्र पाठवणं.

तुम्ही ऐकणाऱ्याच्या जागी असलात तर काय, हे कुणी विचारत नाही, पण त्याची पाळी जास्त वेळा येते. गजर झाला की पहिली इच्छा पोच देणारं बटण दाबायची होते. ते करू नका. त्या पोचेने समोरच्याचा संदेश पुन्हा पुन्हा जायचा थांबतो, आणि किनारा केंद्राने तो अजून ऐकलाच नसेल तर त्यांना कधीच कळणार नाही. ही डिजिटल पोच शक्यतो किनारा केंद्राने द्यायची असते. तुम्ही १६ वर कान ठेवा, कागदावर स्थान लिहा, केंद्राला उत्तर द्यायला अवधी द्या. कुणीच बोललं नाही तर तोंडी उत्तर द्या आणि "मेडे रिले" म्हणून तो संदेश पुढे पोचवा. नियंत्रण करणारं केंद्र "सीलॉन्स मेडे" म्हणालं की बाकीच्यांनी गप्प बसायचं, "सीलॉन्स फीनी" ऐकेपर्यंत. मधे कुणीतरी धक्क्यावर जागा मिळेल का म्हणून विचारतोच, त्याला कंट्रोलर खडसावतो, आणि ते ऐकताना थोडं बरं वाटतं.

विमानाबद्दल थोडक्यात, कारण तो माझा प्रांत नाही. शब्द तेच, पण क्रम वेगळा. वैमानिकाला आधी विमान उडतं ठेवायचं असतं, मग दिशा, आणि सगळ्यात शेवटी बोलणं. तो बहुतेक वेळा आधीच कंट्रोलरशी बोलत असतो, म्हणून वेगळा चॅनेल न शोधता त्याच फ्रीक्वेन्सीवर मेडे देतो. कुणाशीच संपर्क नसेल तर १२१.५. ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७७०० लावलं की रडारच्या पडद्यावर ते विमान वेगळं उठून दिसतं. आणि आमच्यासारखं स्थान आधी नाही, तर काय झालं आणि मी आता काय करणार हे आधी, कारण विमान कुठे आहे ते कंट्रोलर बहुधा बघतच असतो. १५ जानेवारी २००९ ला यूएस एअरवेज १५४९ ची दोन्ही इंजिनं पक्ष्यांमुळे गेली, तेव्हा कॅप्टन सलनबर्गर यांनी एका दमात एवढंच सांगितलं: पक्षी धडकले, दोन्ही इंजिनांची ताकद गेली, लाग्वार्डिया विमानतळाकडे परत वळतोय. घाईत कॉल साइनचा आकडाही चुकला. तरी कंट्रोलरने लगेच धावपट्टी मोकळी करायला घेतली. शेवटी विमान हडसन नदीत उतरलं आणि सगळे १५५ जण वाचले.

तुम्ही दोघंच आहात म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. मेडे द्यायचा निर्णय बोटीच्या कॅप्टनचा असतो. पण पाण्यात पडलेला माणूसच कॅप्टन असेल तर बोटीवर उरलेले तुम्ही एकटे. तेव्हा रेडिओ कसा चालू होतो हे शिकण्याची ती वेळ नव्हे. वर दिलेला मजकूर बोटीचं नाव, कॉल साइन, एमएमएसआय भरून एका कार्डावर लिहा आणि रेडिओशेजारी चिकटवा. परवान्याचा अभ्यासक्रम बहुतेक देशांत छोटा असतो, तो करून घ्या. पण संकटात परवाना नाही म्हणून कुणी माइकपासून दूर राहू नये. जीव वाचवण्यासाठी कुणीही रेडिओ वापरू शकतो.

राहिला दंड. खोडसाळपणे खोटा मेडे देणं बहुतेक देशांत गुन्हा आहे आणि शिक्षाही होते. धोका आहे असं मनापासून वाटून दिलेला मेडे, जो नंतर अनावश्यक ठरला, तो या खात्यात जात नाही. चुकून बटण दाबलं गेलं तर लोक घाबरून रेडिओ बंद करून गप्प बसतात, आणि तिथेच भानगड वाढते, कारण तोवर शोध सुरू झालेला असतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची सूचना स्पष्ट आहे की चुकीचा इशारा कळवून रद्द करणाऱ्यावर सहसा कारवाई करू नये. रद्द कसा करायचा? रेडिओवरच्या सूचनेप्रमाणे संदेश थांबवायचा, मग १६ वर "ऑल स्टेशन्स" तीनदा म्हणून बोटीचं नाव, कॉल साइन, एमएमएसआय, स्थान सांगायचं आणि अमुक वाजताचा माझा संकटसंदेश रद्द करा असं म्हणायचं. बीकन चुकून सुरू झाला तर तो बंद करून बचाव केंद्राला लगेच कळवायचं. भंगारात टाकलेले बीकन कचऱ्याच्या ढिगातून इशारे देत बसतात, म्हणून जुना टाकताना बॅटरी काढून टाका. आणि नवीन असेल तर मित्राच्या नावावर नोंदवलाय ना, फोन नंबर चालू आहे ना, ते बघा. इशारा आला की केंद्र पहिला फोन त्याच नंबरवर करतं, आणि बोट धक्क्याला बांधलेली असेल तर प्रकरण तिथल्या तिथे मिटतं.